नावेचं कोटेशन मागवण्याआधी आपलं पाणी मोजा: विदर्भातल्या मच्छीमार संस्थांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर विभागातल्या मच्छीमार सहकारी संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळी यांस,

राम राम.

सध्या बऱ्याच संस्थांच्या सभांपुढे नावांच्या खरेदीचा विषय आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 मध्ये आली. तिच्यात लाभार्थ्याच्या योजनांना सर्वसाधारण गटासाठी 40 टक्के, आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी 60 टक्के अनुदान आहे. 2025 मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, तेव्हापासून तर गावोगावची तरुण पोरंही विचारू लागली आहेत की आता आपल्याला नाव मिळते का. मिळायलाच पाहिजे. माझं सांगणं एवढंच आहे की कोणती नाव घ्यायची हे ठरवताना आपण कोटेशन बघतो, रंग बघतो, लांबी बघतो, गॅरंटी बघतो, आणि ज्या पाण्यात ती नाव चालणार आहे त्या पाण्याचा एकही आकडा फाईलमध्ये नसतो. हे बदलावं म्हणून हे पत्र.

मी हिंगणा एमआयडीसीत फायबरचं काम करतो. उन्हाळ्याच्या तोंडावर कुलरच्या बॉड्या आणि टाक्या, इतर दिवसांत ऑर्डर असेल तशा नावा. घरचे आम्ही कन्हानकाठचे ढिवर, वडील-काका डोंग्यावरच वाढले. त्यामुळे नाव साच्यातून कशी निघते हेही मी बघतो आणि पाण्यावर गेल्यावर तिचं काय होतं हेही मला घरूनच कळतं. मी स्वतः नावा बनवतो म्हणून या पत्रात कोणत्याही कारखान्याची भलामण केलेली नाही, माझ्या कामाचीही नाही.

एका संस्थेनं काही वर्षांपूर्वी अनुदानातून घेतलेल्या नावा मी बघून आलो. संस्थेचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट एका संस्थेपुरती नाही. नावा मजबूत होत्या, फायबर जाड होतं, काम स्वच्छ होतं. समोरची चोच उंच, खाली खोल कणा, पोटात व्हीचा आकार. कोकणात लाटेवर चालायला ती नाव उत्तम. इथं ती तलावाच्या काठी पालथी पडली होती आणि संस्थेचे सभासद तिच्या सावलीत बसून, ज्या ट्रकच्या ट्यूबवर बसून ते मासे धरतात तिच्यावरचं जाळं साफ करत होते. एका म्हाताऱ्या काकांना विचारलं तर म्हणाले, "नाव बेकार नाही भाऊ. पण मे महिन्यात तिले पाण्यापर्यंत ओढत न्यायले सहा माणसं लागते, आन् आमी जातो दोघं."

या एका वाक्यात सगळं आलं. समुद्रावर बंदर असतं, जेट्टी असते, भरती आली की नाव आपोआप उचलली जाते. आपल्या जलाशयांना ठरलेला काठच नाही. सप्टेंबरमध्ये धरण भरलेलं असतं तेव्हा पाणी गावाच्या बांधाला लागतं. मग रब्बीचं आवर्तन सुटतं, पिण्याचं पाणी जातं, उन्हात आटतं, आणि मे महिन्यात तोच काठ कितीतरी दूर सरकलेला असतो. मधल्या जागेत आधी मुरूम, मग भेगाळलेली काळी माती, मग गुडघाभर चिखल. हे सगळं ओलांडून नाव दोन माणसांनी पाण्यात ढकलायची आणि संध्याकाळी परत वर आणायची असते, कारण रात्री तिथं सोडली तर सकाळी वल्हं तरी गायब असतं नाहीतर दोर तरी.

म्हणून माझ्या मते आपल्या भागात नावेची पहिली परीक्षा तिच्या वजनाची. लांबी-रुंदी त्यानंतर. कोटेशनमध्ये "16 फूट बाय 4 फूट" असं असतं, वजन मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. किलोमध्ये वजन लिहून मागा. नाव आली की गावातल्या धान्याच्या काट्यावर किंवा वजनकाट्यावर टाकून बघा. शंभर-सव्वाशे किलोची नाव दोन धडधाकट माणसं खालच्या पट्ट्यांवर घसरवत नेऊ शकतात. अडीचशे किलोची नाव नेऊ शकत नाहीत, मग ती कितीही चांगली असो.

आता पाण्याच्या खोलीचा हिशेब. हा हिशेब कोणालाही करता येतो आणि प्रत्येक सभेत फळ्यावर मांडला गेला पाहिजे. एक घनफूट गोडं पाणी साधारण 28 किलो भरतं. नाव आपल्या सगळ्या ओझ्यासकट जेवढ्या वजनाची, तेवढ्या वजनाचं पाणी ती बाजूला सारते. सपाट तळाची 16 बाय 4 ची नाव घेऊ. दोन्ही टोकं निमुळती असल्यानं पाण्याला टेकणारा तिचा तळ पंचेचाळीसेक चौरस फूट धरा. नाव 120 किलो, दोन माणसं 130, ओलं जाळं, मासळी आणि बर्फाचा डबा मिळून 100. झाले 350 किलो, म्हणजे साडेबारा घनफूट. पंचेचाळीसनं भागलं की नाव सव्वातीन इंच बुडते. म्हणजे वीतभर पाण्यातही ती सुटी चालते. तेवढंच ओझं व्हीच्या पोटाच्या नावेत घातलं तर ती फूटभर पाणी मागते, कारण तिचा तळ खाली अरुंद होत जातो. मे महिन्यात काठापासून आत कुठवर फूटभर पाणी नसतं हे तुम्ही मला सांगा.

त्यात समुद्राचं पाणी खारट म्हणून जड. एक घनमीटर खारं पाणी साधारण 1025 किलो, आपलं गोडं पाणी 1000 किलो. म्हणून समुद्रावर जी नाव एका रेषेपर्यंत बुडते, ती इथं तेवढ्याच ओझ्याला किंचित जास्त बुडते. फरक थोडा आहे, पण कोकणातल्या माहितीपत्रकावरचा भार जसाच्या तसा आपल्या ठरावात उतरवू नये एवढं त्यावरून कळावं.

पण याचा अर्थ सगळीकडे सपाट तळाची हलकी नावच घ्या असा मी सांगतोय असं समजू नका. विदर्भात पाण्याचे प्रकार किती आहेत ते बघा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, कोहळी समाजाच्या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या बांधत आणलेले. ते उथळ. कमळ, शिंगाडा, लव्हाळं, गवत यांनी भरलेले. तिथं वल्हं कमी आणि बांबू जास्त चालतो. अशा पाण्यात 12 फूट लांब, 3 फूट रुंद, कमी काठाची, अगदी हलकी डोंग्यासारखी नाव पुरते, आणि ती एका माणसालाही सांभाळता यावी. गवतातून जाताना तळाला काही अडकेल असा खिळा, कणा, कड काही नको.

गोसीखुर्दचं पाणी अगदी निराळं. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते ज्याचं भूमिपूजन झालं त्या धरणाच्या पोटात गावं गेली, शेतं गेली, आणि शेतांच्या बांधावरची झाडंही गेली. पाणी उतरलं की खुंट वर दिसतात, पाणी चढलं की दिसत नाहीत, आणि हे न दिसणारे खुंटच घातक. कुही तालुक्याकडून, अंभोऱ्याच्या बाजूनं बघा, पाण्याचा पसारा केवढा आहे. मे-जूनमध्ये दुपारनंतर आभाळ दाटून वारा सुटला की त्या पसाऱ्यावरून तो मोकळा धावत येतो. वाऱ्याला जेवढं लांब मोकळं पाणी मिळेल तेवढी लाट मोठी. शिवाय धरणातली लाट समुद्रासारखी लांब नसते. ती आखूड, उभी आणि एकामागून एक येते. अगदी सपाट तळाची, बुटक्या काठाची नाव तिथं थपथप आपटते आणि पुढून पाणी घेते. म्हणून तिथं नाव जरा लांब हवी, पुढचा भाग थोडा उचललेला आणि किंचित व्ही असलेला, मागचा दोन तृतीयांश तळ सपाट, काठ पाण्यावर फूट-सव्वा फूट उरेल असा. आणि खुंटांसाठी तळ जाड, खाली बदलता येतील अशा घसरपट्ट्या.

तिथंही काठ वाटेल तेवढा उंच करून चालत नाही. उंच काठाला वारा धरतो. एक जण वल्हं मारतो, दुसरा जाळं सोडतो, आणि नाव वाऱ्यानं आडवी सरकत जाते, जाळं सरळ बसत नाही. शिवाय दहा वेळा ओलं जाळं उंच काठावरून ओढून घ्यायचं म्हणजे चाळिशीतच माणसाची कंबर जाते. काठाची उंची ठरवताना जाळं ओढणाऱ्या माणसाला नावेत गुडघ्यावर बसवून बघा. त्याचा कोपर काठावर सहज आला पाहिजे.

तिसरा प्रकार पिण्याच्या पाण्याच्या धरणांचा. नवेगाव खैरीच्या पाण्यावर नागपूर शहर जगतं. अशा जलाशयात जुन्या पद्धतीचं पेट्रोल-ऑइल एकत्र जाळणारं इंजिन मला पटत नाही. त्याचं न जळालेलं तेल थेट पाण्यात उतरतं. तोतलाडोह धरणाची गोष्ट वेगळी, तो पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या आतला प्रश्न आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. नदीचं म्हणाल तर वैनगंगा, कन्हान, वर्धा या पाण्यांना धार आहे, वाळूचे दांडे आहेत, खडक आहेत. तिथल्या नावेबद्दल तिथल्या नावाड्यांनाच विचारावं. त्यांच्यापेक्षा जास्त मला कळत नाही.

आता ट्यूब आणि थर्माकोलबद्दल. सभेत कोणी ना कोणी म्हणतंच की आपली माणसं अजून ट्रकच्या ट्यूबवर आणि थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मासे धरतात, हे मागासलेपण आहे. मला हा शब्द आवडत नाही. ट्यूब स्वस्त आहे, सायकलवर बांधून नेता येते, एकटा माणूस खांद्यावर घेऊन चिखल तुडवत जातो, चार बोटं पाण्यातही चालते, रात्री घरी आणता येते. इतके गुण असलेलं साधन माणूस का सोडेल? तिचे तोटेही तेवढेच खरे. डिसेंबरच्या पहाटे कमरेपर्यंत गार पाण्यात बसावं लागतं, एका काट्यानं जीव धोक्यात येतो, मासळी ठेवायला जागा नसते म्हणून मिळालेला रोहू-कतला उन्हात नरम पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. थर्माकोलचे कण तर आता प्रत्येक तलावाच्या काठाला पांढऱ्या पट्ट्यासारखे जमलेले दिसतात. नाव द्यायचीच असेल तर ट्यूबचे गुण तिच्यात उतरले पाहिजेत. जी नाव ट्यूबपेक्षा जड, महाग आणि त्रासाची असेल ती पालथीच पडून राहणार, आणि पुढच्या वर्षी अहवालात लिहिलं जाईल की लाभार्थी उदासीन आहेत.

लाकडाचं सांगायचं तर जुना डोंगा आपल्या पाण्याला किती नेमका बसला होता हे आजही बघण्यासारखं आहे. तळ सपाटीकडे झुकणारा, दोन्ही टोकं किंचित उचललेली, मागं-पुढं कसाही चालवा. तो कोणी कागदावर काढलेला नव्हता, पाण्यानंच त्याला घडवत आणलं होतं. पण तसा बुंधा आज मिळत नाही, सागाच्या फळ्या परवडत नाहीत, आणि दरवर्षी डांबर मारायला माणूस नाही. पत्र्याची नाव कमी पैशांत होते, गावातला वेल्डिंगवालाही दुरुस्त करतो, पण आपल्याकडे पंचेचाळीस अंशांवर पारा गेला की तिच्या काठाला हात लावता येत नाही. उन्हात बर्फ टिकत नाही, पत्रा जोडावर गंजतो, आणि पाणी भरलं की ती सरळ तळाला जाते. मरीन प्लायवूडच्या कडांना एकदा पाणी लागलं की पापुद्रे सुटतात. म्हणून हिशेब करून मी फायबरवरच येतो, पण फायबर म्हटलं की सगळं चांगलं असं नाही, हे मी त्याच धंद्यातला म्हणून ठासून सांगतो.

फायबरची नाव तपासायची कशी ते लिहितो, कारण हे कोणी सांगत नाही. नाव पालथी करून उन्हाकडे धरा आणि आतून बघा. जिथं मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, रेझिननं नीट भिजलेली नाही तिथं पांढरट डाग दिसतात, जिथं हवा अडकली तिथं बुडबुडे. मग एक रुपयाचं नाणं घेऊन तळावर वीत-वीत अंतरानं ठोका. भरीव जागी टक्क असा आवाज येतो, पोकळ जागी ढब. ढब आला तिथं खूण करा आणि नाव परत पाठवा. गुडघ्यानं तळ दाबा, डबक्यासारखा खाली-वर झाला तर मधल्या फासळ्या कमी आहेत. पावसाळ्याच्या दमटपणात घाईनं ओतलेली किंवा भर मे महिन्यात दुपारी हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, जास्त घालून उरकलेली नाव दोन हंगामांत तडकते. म्हणून नाव कोणत्या महिन्यात बनवणार हेही विचारायला लाजू नका.

नावेच्या आत हात फिरवा. हे माझ्या मते जवळजवळ वजनाएवढंच महत्त्वाचं आहे. आत नटाचं टोक, फायबरचा काटा, पट्टीची धार जिथं जिथं बोटाला लागेल तिथं तिथं तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, अडकणार. हजारो रुपयांचं जाळं एका फुटक्या नटानं फाटतं. जाळं जिथून सरकतं तो काठ गोल, गुळगुळीत, अंगठ्याएवढा जाड असावा.

आणि बसायच्या फळीखालच्या हवाबंद पेट्या. त्यात काय भरलंय ते विचारा. पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, भरलेला असावा. आत थर्माकोल ठेवून वरून पॉलिएस्टर रेझिन ओतलं तर रेझिनमधल्या रसायनानं थर्माकोल विरघळतो आणि आत नुसती पोकळी राहते. बाहेरून काहीच कळत नाही. याची परीक्षा सोपी आहे. नाव उथळ पाण्यात नेऊन काठोकाठ पाण्यानं भरा आणि दोन माणसांना तिच्या कडेला धरून लोंबकळू द्या. ती पालथी न होता तरंगत राहिली पाहिजे. ही परीक्षा करायला विक्रेता तयार नसेल तर पुढं बोलणंच करू नका. वाऱ्यात सापडलेल्या माणसाचा जीव त्याच पेट्यांवर असतो.

जिवाचा विषय आला म्हणून हे लिहितो, मन घट्ट करून. जुलै 2017 मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला आलेल्या तरुणांना घेऊन गेलेली नाव उलटली. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायकांची नाव वैनगंगेत उलटली. त्या घरांवर काय कोसळलं ते आपण सगळ्यांनी बघितलं. मी त्या घटनांच्या चौकशीबद्दल बोलत नाही. मी आपल्या नावांबद्दल बोलतो, कारण सणासुदीला, यात्रेला, शेतावर जायला आपल्या मासेमारीच्या नावेत लोक बसतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

वरचाच हिशेब पुढं नेऊ. साठ किलोचा एक माणूस चढला की ती 16 बाय 4 ची सपाट नाव अर्ध्या इंचाहून थोडी जास्त बुडते. आठ माणसं चढली तर साडेचार इंच. बघणाऱ्याला वाटतं, काठ तर अजून केवढा वर आहे, बसा की. पण बुडण्याचं भय इथं कमी आणि कलण्याचं फार. माणसं बसली, उभी राहिली की सगळं वजन वर चढतं, आणि कोणीतरी फोटोसाठी एका बाजूला सरकलं की नाव त्याच बाजूला जाते, बाकीचे घाबरून उठतात, संपलं. नावेच्या कलण्याला तिची रुंदी आवर घालते, आणि तेही रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. 3 फुटांची नाव 4 फूट केली तर हा आधार दुपटीहून जास्त वाढतो. पण म्हणून 4 फुटांच्या नावेत दहा माणसं बसवता येतात असं होत नाही. मासेमारीची नाव माणसं वाहायला बांधलेलीच नसते.

माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे की प्रत्येक नावेच्या दोन्ही बाजूंना बाहेरून एक ठळक पिवळी रेघ मारा. दोन माणसं, जाळं आणि भरपूर मासळी एवढ्या ओझ्याला पाणी जिथं येतं तिथं ती रेघ. रेघ पाण्याखाली गेली की नाव काठावरून हलणार नाही, मग बसणारा सरपंच असो की पाहुणा. आणि आत मराठीत लिहा: फक्त दोन. रंगाचा डबा लागतो तेवढाच खर्च. पोरं लाइफ जॅकेट घालत नाहीत म्हणून आपण त्यांना रागावतो, पण त्या जाडजूड जॅकेटच्या बकलांमध्ये जाळं अडकतं म्हणून ती काढून ठेवतात. बकल नसलेलं, चेनचं, पातळ फोमचं जाकीट मागवा. जे अंगावर राहतं तेच कामाचं.

मोटरीबद्दल थोडक्यात. बहुतेक तलावांत ती नको. अंबाझरीत जलपर्णी कशी वाढते ते नागपूरकर दरवर्षी बघतात, आणि शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून पुढं वैनगंगेला जातं तसतशी ती खालीही वाढते. पंख्यात जलपर्णी गुंडाळली की मोटर बंद आणि माणूस मध्यभागी. गोसीखुर्दसारख्या मोठ्या पाण्यात लांब जाणाऱ्यांना मोटर लागते हे मला मान्य आहे. पण ती लावायची तर मागचा भाग त्या वजनासाठी आधीच रुंद करून घ्या, नंतर फळी ठोकून लावू नका. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं सौर ऊर्जेवर चालणारी फायबरची नाव बनवली आहे, रबराच्या लाकडावर प्रक्रिया करून नावा बनवण्याचंही काम तिथं झालं आहे. ही सरकारी संस्था 1957 पासून याच विषयावर काम करते. आपल्या एखाद्या जिल्हा संघानं त्यांना पत्र लिहून आपल्या पाण्यासाठी आराखडा मागायला काय हरकत आहे?

आणि कोचीच कशाला, आपल्या नागपुरात तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, फुटाळ्याच्या शेजारीच. तिथल्या मुलांना आणि प्राध्यापकांना तुमच्या तलावावर बोलवा. मी ज्याला पाण्याचा कागद म्हणतो तो एका दिवसात तयार होतो: मे महिन्यात काठापासून दहा, वीस, पन्नास पावलांवर पाणी किती, तळ मुरमाचा की चिखलाचा की खुंटांचा, गवत कुठं आणि किती, वाऱ्याची दिशा आणि त्या दिशेला मोकळं पाणी किती लांब, नाव काठापर्यंत न्यायचा रस्ता कसा, एका नावेवर किती जण आणि त्यांचं जाळं किती. एवढं एका पानावर लिहून आलं की नाव कोणती घ्यायची याचा अर्धा वाद तिथंच मिटतो. हे पान मागणीच्या अर्जाला जोडा. मत्स्यव्यवसाय खात्यातल्या अधिकाऱ्यांनाही माझी विनंती आहे की असं पान आलं तर त्याची दखल घ्यावी आणि एका जिल्ह्याला एकच माप न लावता तलावाची, धरणाची आणि नदीची नाव वेगळी मानावी. खर्च त्यानं वाढत नाही. छोट्या तलावाच्या हलक्या नावेला उलट रेझिनच कमी लागतं.

महिलांच्या संस्थांनी यात मागं राहू नये. पूर्व विदर्भात तलावात उतरून झिंगे, छोटी मासळी धरणाऱ्या बायका किती आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, आणि नावेचा विषय निघाला की त्यांना कोणी विचारत नाही. साठ टक्के अनुदान त्यांच्या नावानं येतं आणि नाव मात्र पुरुषांच्या हाताला बेतलेली. वजनाचा, काठाच्या उंचीचा, वल्ह्याच्या लांबीचा निर्णय त्या वल्हवणार असतील तर त्यांनीच घ्यावा.

आता प्रत्यक्ष करायचं काय ते सांगतो. येत्या आमसभेत खरेदीचा ठराव येईल तेव्हा त्यात एक ओळ घाला: सगळ्या नावांची ऑर्डर देण्याआधी विक्रेत्यानं एक नमुना नाव आमच्या पाण्यावर, आमच्या माणसांसह, आमच्या पूर्ण ओझ्यासह चालवून दाखवावी, आणि ती चाचणी एप्रिल किंवा मे महिन्यातच व्हावी. भरलेल्या धरणात ऑक्टोबरमध्ये कोणतीही नाव छान चालते, त्यावर जाऊ नका. चाचणीला पदाधिकाऱ्यांनी काठावर उभं राहून चालणार नाही. रोज जाळं टाकणाऱ्या दोघांना नाव द्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत द्या, आणि त्यांनी नकार दिला तर तो सभेच्या इतिवृत्तात लिहा. पैशांचा शेवटचा हप्ता पहिला हंगाम संपेपर्यंत हाताशी ठेवा. दुरुस्तीसाठी पाच किलो रेझिन, थोडी मॅट आणि हार्डनर नावेबरोबरच मागून घ्या, आणि संस्थेतल्या दोन पोरांना भोक बुजवायला शिकवून घ्या. हे काम एका दुपारी शिकता येतं. हिंगण्याला आमच्या शेडमध्ये कोणी आलं तर मी पैसे न घेता शिकवीन.

ज्या संस्थांच्या नावा आधीच पालथ्या पडल्या आहेत त्यांनी त्या भंगारात घालू नयेत. व्हीच्या पोटाच्या नावेचा कणा कापून तळ रुंद करता येतो. प्रत्येक नावेला ते जमेल असं नाही, पण बघितल्याशिवाय सांगता येत नाही. नावेचे चार बाजूंनी फोटो, तळाची जाडी आणि वजन घेऊन या, आपण बसून बघू.

आपला,
फायबरचा एक कारागीर,
हिंगणा रोड, नागपूर